मुंबई उणे बारा

वडीगोद्री,
१६ जून २०२५

ती. भैयास,
रुचीचा सा. न. वि. वि.

पाकीट बघून हसशील. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी एक वाक्य सुरू करते तोवर तुझी तीन संपलेली असतात. आपण हॉस्टेलवर होतो तेव्हा पप्पा म्हणायचे की भांडायचं असेल तर लिहून भांडा, कागदावर समोरच्याला मध्ये तोंड घालता येत नाही. म्हणून हा कागद.

आठ तारखेला तू मस्तगडला पप्पांकडे आलास आणि घरच्या कॉम्प्युटरवरून माझा प्रोग्रॅम काढून टाकलास. ही बातमी मम्मीने मला कैरीच्या लोणच्याच्या बातमीनंतर सांगितली, जशी काही जुनी चादर टाकून नवी अंथरली. भैया, तो प्रोग्रॅम मी हौसेने केलेला नव्हता. पप्पांना चाळीस वर्षांचा चौविहार आहे, सूर्य मावळला की पाण्याचा थेंबसुद्धा नाही. डोळ्यांत काचबिंदू झाल्यापासून त्यांना मावळता सूर्य दिसत नाही आणि पंचांगातले बारीक आकडेही दिसत नाहीत. म्हणून चार वर्षांपूर्वी तो लिहिला. जालन्याचा सूर्यास्त रोज काढायचा आणि दहा मिनिटं आधी माझ्या आवाजात सांगायचं की पप्पा, दहा मिनिटं राहिली. मम्मी त्याच वेळा वाचून दाखवते आणि पप्पा खडूने गल्लीतल्या आपल्या जैन स्थानकाच्या पाटीवर लिहितात. तरुण पोरं फोन बघत असतील, पण म्हाताऱ्या बाया अजून त्या पाटीवर जेवतात.

तुला गच्ची आठवते का? छापील पंचांग मुंबईचं असायचं आणि मुंबईचा सूर्य आपल्या सूर्यानंतर बारा मिनिटांनी जातो. पप्पा घड्याळ धरून उभे राहायचे आणि तू मुंबई उणे बारा, मुंबई उणे बारा असं ओरडत जिना उतरायचास. शेजारचे लोक तुला बारा म्हणूनच हाक मारायचे.

माझं एकच म्हणणं आहे. तू जे नवीन ॲप स्टोअरमधून टाकलंस, त्यात गाव कोणतं आहे ते बघून कळव. मी स्वतः गेले असते, पण पेरणीचे दिवस आहेत. बियाण्यांच्या दुकानात आम्हा नवराबायकोला सकाळपासून उभं राहावं लागतं, पाणी प्यायला फुरसत नाही. आणि मन बदललं तर माझा प्रोग्रॅम इंटरनेटवर माझ्या पानावर आहे तिथेच आहे. उतरवताना निळा पडदा येईल आणि प्रकाशक अनोळखी आहे असं सांगेल. ती अनोळखी मीच आहे. खुशाल पुढे जा.

भाभींना जय जिनेंद्र. बहिणीवर लोभ आहेच, तो तिच्या हातच्या कामावरही ठेवावा.

तुझी,
रुचि


पुणे,
२५ जून २०२५

चि. सौ. रुचीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं आणि आमच्याकडची पोरं ते बघायला गोळा झाली. एकाला तर पिनकोड म्हणजे पासवर्ड वाटला. अक्षर अजून तसंच आहे, शेपट्या लांब आणि राग त्याहून लांब.

मी वैर म्हणून काही केलं नाही. दिवसभर माझं कामच ते आहे, लोकांनी कुठून कुठून काय उतरवून घेतलं ते निस्तरायचं. गेल्या महिन्यात आमच्या इथल्या एका सज्जन माणसाने फोटो सुधारायचा फुकट प्रोग्रॅम बनवणाऱ्याच्या पानावरून उतरवला. त्याच्यात भलतंच काही निघालं आणि तीन दिवस अख्खं ऑफिस बंद. त्या पानावरही सगळं असंच गोड लिहिलेलं होतं. स्टोअरमध्ये निदान दारात कुणीतरी उभं असतं, सामान तपासून आत घेतं. तुझ्या पानावर कोण तपासतं? तूच. उद्या तू विसरलीस, पान बंद पडलं, कॉम्प्युटर बदलला, मग पप्पांनी कुणाकडे बघायचं?

जे टाकलंय ते चार लाख लोक वापरतात. तुझा प्रोग्रॅम किती जणांनी घेतला ते तूच दिवाळीत सांगितलं होतंस, एकवीस. त्यातले चार आपल्याच घरचे. वर मी एकेक परवानगी स्वतः बघून बंद केली आहे. लोकेशन तर सगळ्यात आधी. घरात दोघं म्हातारी माणसं, ती कुठे राहतात हे कुठल्या कंपनीला कशाला कळायला पाहिजे? गावाचं विचारतेस, तर असली ॲपं ते आपोआप घेतात. त्याची काळजी तू करू नकोस.

राग उतरला की फोन कर. लोभ आहेच, तो बियाण्यांच्या गर्दीतही थोडा शिल्लक ठेवावा.

तुझा,
श्रेयांस


मस्तगड, जुना जालना,
१४ जुलै २०२५

चि. सौ. रुचि बेटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद आणि जय जिनेंद्र.

पट्टी ठेवून लिहितो आहे, तरी ओळी वरखाली जातील. समजून घे. आमच्या दोघांच्या तब्येती ठीक. जावईबापूंना पावसाने साथ दिली का? इकडे पावसाचं काही खरं नाही. चातुर्मास सुरू झाला. यंदा पाच साध्वी, महासतीजी आल्या आहेत. स्थानकात सकाळच्या प्रवचनाला बसायला जागा उरत नाही. पाटी याही वर्षी माझ्याकडेच आहे.

नवीन मशीन बरं आहे. चित्रं मोठी आहेत असं तुझी मम्मी सांगते. वेळ झाली की टिंग वाजतं. तुझा आवाज येत नाही, म्हणून पहिले आठ दिवस मला कुणी घरातून निघून गेल्यासारखं वाटत होतं. पण तू वाईट वाटून घेऊ नकोस. श्रेयांस म्हणतो ते बराबर असेल, तो त्याच कामात आहे. आपण त्यातलं काय जाणतो?

मागे पाहावे.

एक विचारायचं होतं. फोनवर विचारलं नाही, कारण तुझी मम्मी फोन स्पीकरवर ठेवते आणि ऐकलेलं जल्दी पुण्याला पोचवते. श्रेयांसला वाटेल की पप्पांनी त्याच्यावर शंका घेतली. मला संध्याकाळच्या वेळा जरा पुढच्या वाटतात. ताटावरून उठून गच्चीवर गेलो की हवा गार झालेली असते, पूर्वी तशी नसायची. पण माझ्या अंगाचा अंदाज कुठे आणि मशीन कुठे? तरी तू एकदा येऊन नजर टाक, नाहीतर दोन ओळी लिही. तुझ्याकडून काही आलं नाही तर सगळं बराबर आहे असं मी समजेन.

दुकानात उभ्याने जेवू नकोस. आमचा लोभ तुझ्या वाटेकडे बघत बसलेला असतो, हे ध्यानात ठेवावे.

तुझे,
पप्पा


मस्तगड, जुना जालना,
७ ऑगस्ट २०२५

चि. सौ. रुचि,
तुला आणि जावयांना आशीर्वाद.

फोन केला न्हाई, कारण बोलताना मला रडू येतं अन् तुझे पप्पा बाजूच्या खोलीतून ऐकतात.

मंगळवारी संध्याकाळी स्थानकाला लागून घर आहे त्या केशरबाई दारात बसून दूध पिऊन राह्यल्या होत्या. थोरल्या महासतीजी प्रतिक्रमणासाठी खाली आल्त्या. त्यांनी बघितलं अन् विचारलं की बाई, तुमचा चौविहार सुटला का? केशरबाईने पाटीकडं बोट केलं. पाटीवर सात वाजून तेरा मिनिटं होती. महासतीजी म्हणाल्या की सूर्य तर सात वाजून एक मिनिटालाच गेला. मंग कुणी एकाने फोन काढला, दुसऱ्याने काढला, सगळ्यांत सात वाजून एक. दर दिवसाला बारा मिनिटं, श्रेयांस येऊन गेला त्या दिवसापासून. सकाळचं काही बिघडलं न्हाई, कारण सकाळी उशिरा खाल्लं तर दोष न्हाई. पण संध्याकाळी सतरा बाया अन् तुझे पप्पा दोन महिने सूर्य गेल्यावर जेवले, पाणी प्याले.

तुझ्या पप्पांना बोलावलं. कुणी रागावलं न्हाई गं, रागावले असते तर बरं झालं असतं. स्थानकाच्या संघाचे मंत्री हात जोडून म्हणाले की काका, आता तुम्हाला त्रास नको, उद्यापासून पोरं लिहितील. पप्पांनी सदऱ्याच्या खिशातला खडू काढून त्यांच्या हातावर ठेवला. बावीस वर्षं तो खडू त्या खिशात होता, मी धुताना दर वेळेला काढून ठेवायचे. केशरबाईचा एकतीस वर्षांचा नेम होता. ती रडली न्हाई. एवढंच म्हणाली की मिश्रीलालजी, मी आभाळाकडं बघितलंच न्हाई, तुमची पाटी बघितली.

महासतीजींनी सगळ्यांना छोटं प्रायश्चित्त दिलं, नकळत झालं म्हणाल्या. तुझ्या पप्पांनी जास्त मागितलं, त्या न्हाई म्हणाल्या. श्रेयांसला मी फोन करून सांगितलं, तर तो म्हणाला की बाराच मिनिटं ना मम्मी, केवढं मनाला लावून घेता. मी फोन ठेवून दिला.

पण बेटा, तू का न्हाई लिहिलं? तुला पत्र टाकल्यापासून पप्पा रोज दुपारी पोस्टमनची सायकल आली का म्हणून विचारायचे. मला वाटलं, सहज विचारतात. लोभ कमी झाला असेल तर तसं कळवावं, वाट बघायची सवय मोडता येते.

तुझी,
मम्मी


वडीगोद्री,
१३ ऑगस्ट २०२५

श्रेयांस,

नमस्कार लिहायचा राहून गेला असं समज.

शनिवारी मस्तगडला जाऊन दुपारच्या बसने परत आले. तुझं ॲप उघडलं. सेटिंगमध्ये गावाचा एक चौकोन आहे. त्यात मुंबई आहे. लोकेशन तू बंद केलंस, म्हणून त्याने स्वतःच्या मनाने मुंबई धरली. म्हणजे तुझ्या चार लाख लोकांच्या ॲपने एकही चूक केली नाही. त्याने सांगितलेली प्रत्येक वेळ मुंबईला बिलकुल बरोबर होती. तुझ्या त्या दारातल्या माणसाने सामान तपासलं, काही वाईट निघालं नाही, आणि खरंच त्यात वाईट काही नव्हतं. त्या चौकोनात जालना एवढं लिहायचं होतं. तीन अक्षरं.

आणि मी तुला विचारलं होतं. लिहून विचारलं होतं, मध्ये तोंड घालता येणार नाही अशा कागदावर. त्याची काळजी तू करू नकोस, हे तुझं वाक्य मला आता पाठ झालंय. त्याच पत्रात वरच्या ओळीत तू लिहिलंस की लोकेशन बंद केलं आणि खालच्या ओळीत लिहिलंस की ते गाव आपोआप घेतं. तुझ्या हातचं पत्र तू स्वतः तरी वाचलंस का? तुला मी अडाणी वाटत होते म्हणून तू बघितलं नाहीस. माझा राग त्याचा आहे.

पप्पांनी आयुष्यभर जी बारा मिनिटं रोज वजा केली, ती तू एका दुपारी परत घरात आणून ठेवलीस. वर मम्मीला म्हणालास की बाराच मिनिटं. जिन्यावरून ओरडत कोण उतरायचं, श्रेयांस?

माझा प्रोग्रॅम परत टाकला. निळा पडदा आला, अनोळखी म्हणाला. पप्पा शेजारी बसले होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो हात मला सहन झाला नाही.

पत्राच्या शेवटी काय लिहितात ते मला माहीत आहे. आज ते लिहिणार नाही.

रुचि


पुणे,
३० ऑगस्ट २०२५

सस्नेह जय जिनेंद्र.

संवत्सरीच्या पावन पर्वानिमित्त, गेल्या वर्षभरात आमच्याकडून मनाने, वचनाने, कायेने, कळत-नकळत आपले मन दुखावले गेले असल्यास आम्ही सर्व परिवार अंतःकरणपूर्वक क्षमा मागतो. मिच्छामि दुक्कडम्.

श्रेयांस, राजनंदिनी आणि परिवार

रुचि, पुरे आता. दिवाळीत भेटू. श्रे.


वडीगोद्री,
५ सप्टेंबर २०२५

ती. भैयास,
सा. न. वि. वि.

कार्ड मिळालं. कागद चांगला आहे. मम्मी सांगत होती की पप्पांनाही हेच आलं, केशरबाईंनाही हेच गेलं. तुझ्या सोसायटीतल्या लोकांनाही हेच दिलं असशील. त्यात वर्षभर म्हटलंय, त्यात कळत-नकळत म्हटलंय. आठ जूनला कुणी काय केलं ते त्यात कुठे नाही.

आधी माझं लिहिते, म्हणजे तुला असं वाटायला नको की मी वर बसून बोलते. चौदा जुलैला पप्पांनी मला पत्र लिहिलं. मी पुढची बाजू वाचली. श्रेयांस म्हणतो ते बराबर असेल, या ओळीपाशी मला इतकं लागलं की मी कागद तसाच घडी करून दुकानाच्या गल्ल्याखालच्या खणात टाकला. मागे पाहावे असं लिहिलेलं मला दिसलं होतं. मी मागे पाहिलं नाही. मम्मीचं पत्र आलं त्या दिवशी तो कागद काढला. मागच्या बाजूला पप्पांनी विचारलं होतं की वेळा पुढच्या वाटतात, एकदा बघ, आणि तुझ्याकडून काही आलं नाही तर बराबर आहे असं समजेन. माझ्याकडून काही गेलं नाही. मी रुसले होते. त्या रुसव्यात तीन आठवडे गेले, आणि त्या तीन आठवड्यांतली प्रत्येक संध्याकाळ माझ्या नावावर आहे. जालना इथून बसने दीड तास आहे. मी गेले नाही.

हे मी पप्पांना माझं नाव घालून लिहिलं. कार्ड पाठवलं नाही.

आता तू लिही. लोकेशन मी बंद केलं. बहिणीने विचारलं तेव्हा मी बघितलं नाही. मम्मी रडत होती तेव्हा मी बाराच मिनिटं म्हणालो. तीन वाक्यं आहेत, त्यांना छापखाना लागत नाही. माझ्या प्रोग्रॅमवर बनवणाऱ्याचं नाव दिसत नाही म्हणून तुला तो धोक्याचा वाटला होता. तुझ्या क्षमेत केलेल्या चुकीचं नाव दिसत नाही, मग ती मी कशी आत घेऊ?

तू लिहिलंस की मी त्याच दिवशी खमवेन, मनापासून क्षमा करेन, आणि खाली लोभ असावा हेही लिहीन. तोवर जागा मोकळी ठेवते.

रुचि


मस्तगड, जुना जालना,
२० सप्टेंबर २०२५

चि. श्रेयांस आणि चि. सौ. रुचि, दोघांस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे एकच पत्र दोनदा लिहिलं आहे, म्हणून दोन दिवस लागले. दोघांना सारखंच लिहिलंय.

रुचि, तुझं पत्र पोचलं. श्रेयांस, तुझंही परवा आलं. तू दोन गोष्टी नाव घालून लिहिल्यास, तिसरी गाळलीस. ती तुझ्या मम्मीची आहे, मला लिहायचीही नव्हती. तिला लिही. दोघांना मी त्या मंगळवारीच क्षमा करून टाकली होती. मोठेपणा म्हणून नाही, चूक माझीच होती म्हणून. पाटीवर अक्षर माझं होतं. ज्याला सूर्य दिसत नाही त्याने सूर्याची वेळ लिहू नये, हे मला कळायला पाहिजे होतं. मला पाटी सोडवत नव्हती.

केशरबाईंच्या दारात जाऊन क्षमा मागून मी खमतखामणा केला. त्यांनी हात जोडले, आत बसायला सांगितलं, सगळं रीतीप्रमाणे झालं. पण आता त्या संध्याकाळी दळणाच्या गिरणीकडून वळसा घालून घरी येतात, पाटीवरून येत नाहीत.

एक गोष्ट सांगायची राहिली आहे. तुमच्या मम्मीला सांगू नको म्हटलं होतं आणि जन्मात पहिल्यांदा तिने एक गोष्ट पोटात ठेवली. त्या मंगळवारच्या दुसऱ्या दिवसापासून मी एकासना घेतला आहे. दुपारी एकदा ताटावर बसतो, जेवण आणि पाणी तेवढ्यातच. उठलो की दुसऱ्या दुपारपर्यंत काही नाही. महासतीजींनी चातुर्मासापुरता घ्या म्हणून सांगितलं, मी जन्मभराचा मागून घेतला. डॉक्टरांची संध्याकाळची गोळी दुपारीच घेतो. थोडी चक्कर येते, पण गच्चीचा जिना आता मी चढत नाही, त्यामुळे भीती नाही. यात कुणी मध्ये पडू नये.

म्हणजे आता सूर्य कधी मावळतो हे मला कुणाला विचारायचं काम उरलं नाही. स्टोअरच्या मशीनला नाही आणि घरच्या मशीनलाही नाही.

रुचि, तुझा प्रोग्रॅम चालू आहे. तुझी मम्मी बंद करायला निघाली होती, मी करू दिला नाही. रोज संध्याकाळी तुझा आवाज येतो की पप्पा, दहा मिनिटं राहिली. वेळ बिलकुल बराबर असते. मी ऐकतो आणि बसून राहतो.

लोभ होता तेवढाच आहे.

तुमचे,
पप्पा